सातबाऱ्यावर न चढणारा बोजा

संकट आले की ते सर्वांवर सारखेच आले, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हाही हेच म्हटले गेले. विषाणूला जात नाही, धर्म नाही, गरीब-श्रीमंत हा भेद नाही, ही वाक्ये त्या दिवसांत घरोघरी ऐकू येत होती. रोगाच्या लागणीपुरते त्यात काही तथ्य असेलही. परंतु रोगाबरोबर मनाची जी पडझड झाली तिच्या बाबतीत हे विधान टिकत नाही. एकाच गावातील, एकाच वर्गातील, एकाच वयाची दोन मुले त्या दीड वर्षातून अगदी निरनिराळ्या अवस्थेत बाहेर पडली. एकाने शाळा-महाविद्यालय उघडताच पुस्तके पुन्हा हाती घेतली. दुसऱ्याची झोप उडाली, बोलणे कमी झाले, कशातच मन लागेनासे झाले. हा फरक कोठून येतो, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. तो अर्थकारणाचाही आहे आणि वऱ्हाडात तर तो विशेष निकडीचा आहे.

मूर्तिजापूर हे त्या दृष्टीने विचार करण्याजोगे गाव आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हे जंक्शन एके काळी कापसाच्या व्यापाराने गजबजलेले असे. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही दिशांनी येणारी 'शकुंतला' ही अरुंद मापाची गाडी येथेच मुख्य मार्गाला मिळे आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे जाई. आता ती गाडी धावत नाही. तालुक्याचा मोठा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे; म्हणून विहीर खोदूनही ओलिताची शाश्वती नाही. कास्तकाराचे वर्ष मृगाच्या पावसावर सुरू होते आणि पऱ्हाटीला किंवा सोयाबीनला मिळणाऱ्या भावावर संपते. अशा प्रदेशात संकट ही पाहुण्यासारखी क्वचित येणारी गोष्ट नसते. ते घरातच राहते आणि अधूनमधून उग्र रूप धारण करते.

दोन तारखांमधील अंतर

या प्रश्नाचे मर्म दोन वर्षांच्या आकड्यांत दडलेले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २००६ या एका वर्षात महाराष्ट्रात ४,४५३ शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले. त्याच वर्षी जुलैच्या आरंभी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्या काळात वऱ्हाडातील खेड्यांत जी मुले चार-पाच वर्षांची होती, ती २०२० मध्ये अठरा-एकोणीस वर्षांची झाली. म्हणजेच ज्या पिढीने अंगणवाडीच्या वयात शेतीचे अरिष्ट घरात पाहिले, तीच पिढी महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर महामारीला सामोरी गेली. ही गोष्ट साध्या वजाबाकीने कळण्यासारखी असूनही नियोजनात तिची दखल घेतली गेली नाही.

२००६ च्या मदतीत सिंचन होते, व्याजमाफी होती, बियाणे होते. या सर्वांची गरज होती, याविषयी वाद नाही. परंतु त्या घरांतील मुलांनी काय पाहिले आणि त्याचे पुढे काय होणार, हा विचार तीत जवळजवळ नव्हता. अर्थशास्त्रात कुटुंब हा एक घटक मानण्याची सवय आहे. उत्पन्न घटले की कुटुंब खर्च कमी करते, जनावरे विकते, दागिना गहाण टाकते, असे शिकविले जाते. प्रत्यक्षात घटक म्हणून वागणाऱ्या या कुटुंबाच्या आत एक मूल असते. बैलजोडी विकली जाते तेव्हा ते दारात उभे असते. वसुलीला आलेल्या माणसाला बाप घरात नाही म्हणून सांगण्याचे काम त्याच्याकडेच येते. माय मजुरीला जाऊ लागली की धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा सुटते. बाप दारूकडे वळला तर रात्री त्याच्या पावलांच्या आवाजावरून त्याची मनःस्थिती ओळखण्याची विद्या ते मूल शिकते. कुटुंबाचा ताळेबंद काही वर्षांनी कदाचित जुळतोही. मुलाच्या मनावर पडलेला बोजा मात्र कोणत्याही सातबाऱ्यावर चढत नाही आणि म्हणून कोणत्याही कर्जमाफीत तो उतरत नाही.

संशोधन काय सांगते

हा केवळ कळवळ्याचा विषय नाही. अमेरिकेत सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनी केलेली पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारण्यात आले होते: घरात मारहाण होती काय, कोणी व्यसनी किंवा मानसिकदृष्ट्या आजारी होते काय, कोणी तुरुंगात गेले होते काय. अशा प्रतिकूल अनुभवांचे चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते त्यांच्यात मद्यासक्ती, विषण्णता आणि आत्मघाताचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पटींनी अधिक आढळला. विशेष असे की, हे लोक विमा असलेले, बहुतांशी सुस्थित मध्यमवर्गीय होते. प्रतिकूल बालपणाचा परिणाम केवळ दारिद्र्यामुळे होतो, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

यामागील कारणपरंपरा आता पुष्कळशी समजली आहे. धोका दिसताच शरीर कॉर्टिसॉलसारखी द्रव्ये सोडते, हृदयाची गती वाढते, मन सावध होते. धोका टळला की हे सारे शांत होते. ज्या मुलाच्या घरात धोका टळतच नाही त्याची ही यंत्रणा सदैव ताणलेली राहते आणि पुढे लहानशा कारणानेही भडकू लागते. त्यामुळे ज्याचे बालपण निर्वेध गेले त्याला खचविण्यास जेवढा आघात लागतो, त्याहून कमी आघात अशा तरुणाला पुरतो. शेतातील बांध एकदा पावसाने खचला की पुढच्या वर्षी अर्ध्या पाण्यातही तो तेथूनच फुटतो, हे कास्तकाराला सांगावे लागत नाही.

महामारीने हेच केले. शाळा जवळजवळ दीड वर्ष बहुतांशी बंद राहिल्या. पदवीच्या अंतिम परीक्षा होणार की नाही याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २८ ऑगस्ट २०२० रोजी लागला. २०२१ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या, स्पर्धा परीक्षा पुनःपुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यातच लागली आणि राज्यात इतरत्र व्यवहार सुरू असताना येथे पुन्हा कुलूप लागले. सुस्थित घरातील मुलासाठी हा कंटाळ्याचा काळ होता. ज्याने लहानपणी एकदा सर्व काही कोसळताना पाहिले होते त्याच्यासाठी तो जुन्या भयाचा पुनःप्रत्यय होता. शिवाय शाळा बंद झाली तेव्हा केवळ पाठ बंद झाले नाहीत. घरापासून दूर असण्याचे सहा तास बंद झाले, खिचडीची पंगत बंद झाली, आणि चेहरा पाहून 'काय रे, बरे नाही का?' असे विचारणारे शिक्षक दिसेनासे झाले. अशांत घरातील मुलाचे हेच तर भांडवल होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. या प्रत्येक मृत्यूमागे कोणते बालपण होते हे आकडा सांगत नाही आणि एकाच कारणाने असा मृत्यू होतो असे समजणेही चुकीचे ठरेल. तथापि ज्या राज्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे प्रदीर्घ पर्व पाहिले, तेच राज्य विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांतही अग्रभागी असावे, याचा विचार नियोजनकर्त्यांनी करू नये, हे नवल आहे.

'आमच्या वेळी हे नव्हते'

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पूर्वीच्या पिढ्यांनी याहून भयंकर दिवस काढले. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाने सोसला. तेव्हा मनाचे डॉक्टर कोठे होते? आणि मग उदाहरण म्हणून याच तालुक्यातील एक थोर नाव घेतले जाते. गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी मामाच्या घरी गेले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे जन्मलेल्या डेबूचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. पुढे सावकाराच्या व्यवहारात मामाची जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले, असे चरित्रकार सांगतात. व्यसन, पितृवियोग, कर्ज, जमिनीचे हरण: आजच्या पाहणीत ज्यांची नोंद व्हावी अशा आपत्ती त्या एका मुलाने भोगल्या. तरीही त्यातून संत निर्माण झाला. मग आजच्या मुलांनीच का खचावे?

हा युक्तिवाद दोन ठिकाणी लंगडा पडतो. पहिली गोष्ट, जो तरला त्याचेच चरित्र लिहिले जाते. त्याच काळी त्याच पूर्णेकाठी ज्या असंख्य मुलांचे बाप दारूने आणि कर्जाने गेले त्यांचे काय झाले, हे कोणी लिहून ठेवले नाही. एका गाडगेबाबांवरून संकटाने माणूस घडतोच, असा सिद्धांत मांडणे म्हणजे एका शेतात आलेल्या पिकावरून तालुक्याची आणेवारी ठरविणे होय. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बापामागे डेबू निराधार झाला नव्हता. त्याला आजोळ होते, माय जवळ होती, मामाचा हात पाठीवर होता, आणि गुरे राखण्यापासून नांगर धरण्यापर्यंत गावाला उपयोगी असे काम त्याच्या हाताला होते. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी दशकानुदशके मागोवा घेतला. त्यांतील अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे समर्थ, स्थिर माणसे झाली. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार दिसली. आईबाप नसतील तर आजी, मावशी, शिक्षक, कोणी तरी एक वडीलधारे माणूस त्यांच्या आयुष्यात टिकून राहिले होते. कॅलिफोर्नियातील मुलांवर १९३० च्या मंदीचा काय परिणाम झाला याचा अभ्यास ग्लेन एल्डर यांनी केला. त्यांना असे दिसले की, मंदी आली तेव्हा जी मुले किशोरवयात होती ती कामाला हात लावून सावरली. जी अगदी लहान होती, त्यांतही मुलगे, त्यांना तिचा फटका अधिक बसला. म्हणजे संकट घडविते की मोडते, हे वयावर आणि भोवतीच्या आधारावर अवलंबून असते. स्वतः गाडगेबाबांनीही दुःखाचे गोडवे गायले नाहीत. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, घरातले भांडे मोडावे लागले तरी पोरांना शिकवा, हाच त्यांच्या कीर्तनाचा गाभा होता. आणि त्यांनी उभारल्या त्या धर्मशाळा, शाळा आणि वसतिगृहे. आपल्याला जे भोगावे लागले ते दुसऱ्याला भोगावे लागू नये, हा त्याचा अर्थ आहे.

पात्र आणि अपात्र

आपल्या व्यवस्थेने या मुलांना काय दिले, याचा हिशेब आता मांडला पाहिजे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला शासन एक लाख रुपये देत आले आहे. त्यातील तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. परंतु त्यासाठी मृत्यू 'पात्र' ठरावा लागतो. जमीन मृताच्या नावे होती काय, कर्ज बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे होते काय, ते थकले होते काय, याची चौकशी होते. जमीन आजोबांच्या नावे असली किंवा कर्ज नात्यागोत्यातले असले की प्रकरण 'अपात्र' होते. सरकारी पैशाला नियम लागतात, हे मान्य. पण मुलाच्या दृष्टीने पात्र मृत्यू आणि अपात्र मृत्यू असा भेद नसतो. दोन्ही घरांत बाप सारखाच नसतो. उलट अपात्र घरातील मुलाला आपला बाप सरकारदरबारी खोटा ठरला, ही जखम अधिकची मिळते.

कोविडमध्ये आईबाप दोन्ही गमावलेल्या बालकांसाठी राज्याने २०२१ मध्ये पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवली. बालसंगोपन योजनेचे मासिक अनुदान ११०० रुपयांवरून २०२३ मध्ये २२५० रुपये झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण या सर्व योजनांचा कल ठेवीकडे आहे आणि त्यांची मर्यादा अठराव्या वर्षाची आहे. ठेव भविष्यासाठी असते; मुलाचे मन मोडते ते आज. आणि बालपणीचा आघात बाहेर पडतो तो बहुधा अठराव्या वर्षानंतर, जेव्हा प्रवेश, नोकरी, लग्न आणि घरचे देणे एकाच वेळी समोर उभे राहते. नेमक्या त्याच क्षणी शासनाच्या लेखी त्याचे बालपण संपलेले असते आणि खाते बंद झालेले असते.

याखेरीज समाजानेही एक अपराध केला आहे. 'आत्महत्याग्रस्त कुटुंब' या शब्दाची पाटी त्या घरांवर कायमची लागली. समारंभात व्यासपीठावर बोलावून वह्या-दप्तरे देताना त्या मुलांची छायाचित्रे घेतली गेली आणि वृत्तपत्रांनी ती छापली. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. परंतु दहा वर्षांच्या मुलाला आपली ओळख बापाच्या मृत्यूने व्हावी असे कधीच वाटत नसते.

उपाय जवळच आहे

मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्यालाच पुरत नाहीत, तेथे तालुक्याला कोठून आणणार, असे म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. त्याला उत्तर मूर्तिजापूरच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्याने दिले आहे. २०११ नंतर तेथील तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी जावे, बोलावे, ऐकावे आणि गरज पडल्यास समुपदेशक वा डॉक्टरकडे पाठवावे, अशी ती योजना होती. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभी विषण्णतेने ग्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण कोणाकडे तरी मदत मागत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण शेकडा सत्तावीस झाले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर आले. यासाठी मोठे रुग्णालय बांधावे लागले नाही. राज्य शासनानेही २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू करून आशा सेविकांना या कामात आणले. परंतु या सर्व प्रयत्नांचा रोख प्रौढ शेतकऱ्यावर राहिला. त्याच ओसरीवर कोपऱ्यात बसलेल्या मुलाकडे वळून पाहण्याचे काम अजून व्हायचे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा या वयातील शेकडा ७.३ मुलांना मानसिक विकार असल्याचे दिसले. पण त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही ध्यानात ठेवावे.

या दिशेने करण्यासारख्या गोष्टी मोजक्या आणि आटोक्यातल्या आहेत. पहिली, घरात अकाली मृत्यू, व्यसन वा जमीन जाणे यांसारखी आपत्ती आली की मृत्यूची पात्र-अपात्रता न पाहता आशा सेविकेने व वर्गशिक्षकाने त्या घरातील मुलांकडे वर्षभर नियमाने लक्ष द्यावे. त्याची यादी चावडीवर लागता कामा नये. दुसरी, बालसंगोपनाची मदत शिक्षण सुरू असेपर्यंत, निदान एकविसाव्या वर्षापर्यंत चालू ठेवावी. तिसरी, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा आदेश दिला आहे. तो पुण्या-मुंबईच्या शिकवणी वर्गांपुरता नाही. तालुक्याच्या महाविद्यालयालाही लागू आहे. ज्यांच्या नावाने अमरावतीचे विद्यापीठ ओळखले जाते त्या गाडगेबाबांच्या कर्मभूमीत त्याची अंमलबजावणी आधी व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. चौथी, पुढच्या कोणत्याही संकटात शाळा आणि वसतिगृह सर्वांत आधी बंद आणि सर्वांत शेवटी सुरू, हा क्रम उलटा झाला पाहिजे. आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेला 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावा, ही तर निव्वळ रंगाच्या डब्याची बाब आहे.

यास पैसा लागेल. पण तो दयेचा खर्च समजू नये. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जेम्स हेकमन यांनी बालपणी केलेल्या गुंतवणुकीचा परतावा नंतरच्या दुरुस्तीपेक्षा अधिक असतो, हे दाखवून दिले आहे. ज्या कास्तकाराने पेरणीआधी बांध सावरला त्याला श्रावणात धावाधाव करावी लागत नाही. वऱ्हाडात पुढचे संकट येणार हे निश्चित आहे. ते बोंडअळीचे असेल, भावाचे असेल, अवर्षणाचे असेल किंवा नव्या रोगाचे असेल. त्या दिवशी वीस वर्षांचा असणारा तरुण आज मूर्तिजापूर तालुक्यातील कुठल्या तरी अंगणवाडीत बसलेला आहे. त्याच्या घरात आज काय चालले आहे हे पाहण्यासाठी कोणत्याही समितीच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.